अंबाक्कांचा वाफारा

माझी शिंक पुरती बाहेर पडायच्या आत डोक्यावर घोंगडी पडली. मी ऑफिसच्या व्हिडिओ मीटिंगमध्ये बोलत होतो. पलीकडे साहेबांना एवढंच दिसलं, की आता इथे माणूस होता आणि आता घोंगडी आहे. मांडीपुढे ठेवलेल्या तपेल्यातून लिंबाच्या वासाची वाफ भसकन नाकात शिरली आणि वरून हुकूम आला, “सुम्ने बस! वास घे, मगा!”

म्हैसुरात हिनकलला राहायला येऊन आम्हाला आठवडाही झाला नव्हता. मागचं दार उघडं ठेवू नये, हे मला कुणी सांगितलं नव्हतं.

शेजारच्या अंबाक्का एकट्याच राहतात. मराठी घरातल्या, पण दर चार शब्दांमागे एक कन्नड: ‘सुम्ने’ म्हणजे गप्प, ‘मगा’ म्हणजे लेकरा. घराण्यात पूर्वी कापडं रंगवायचे. हे तपेलंही त्या काळातलं, त्यामुळे घोंगडीतून आपण निळे होऊन निघतो की काय अशी धास्ती वाटते. परसात गवती चहाचं रान माजलंय. ताप आला की आलं-मिरी घालून काढा, पोट फुगलं की नुसतं कोमट पाणी, अंग दुखलं की आंघोळीच्या बादलीत अख्खी जुडी. सर्दीला गुण येतो, हे कबूल. पण गल्ली हैराण आहे. समोरचे निवृत्त मास्तर शिंक आली की आधी स्कूटर सुरू करतात.

एकदा त्यांनीच दिलेल्या जुडीतली दोन पाती मी चहात टाकली आणि नेमक्या अक्का आल्या. वास येताच दचकल्या.

“कोणाला काय झालं?”

“कुणालाच काही नाही.”

“मग औषध का पितोस?”

“चवीला, अक्का. आमच्या साताऱ्याकडे रोज घालतात. शेजारीपाजारी येतात, बसतात, गप्पा होतात.”

“काई झालं नसताना?” त्या मटकन खालीच बसल्या. “अय्यो देवा! असं औषध पिलं तर दुखणं घर शोधत येतंय!” आणि उरलेली जुडी उचलून तरातरा निघून गेल्या.

मग बरेच दिवस फिरकल्याच नाहीत. मला चुकल्याचुकल्यासारखं व्हायला लागलं. मागच्या दारात उभं राहून मी खोट्या शिंकाही दिल्या. घोंगडी आली नाही.

रविवारी दुपारी पुढच्या दाराची बेल वाजली. अक्का! पुढच्या दारानं, ठेवणीतलं रेशमी लुगडं नेसून. तपेलं नाही, घोंगडी नाही, हातात फक्त मूठभर पाती.

“काय होतंय, अक्का?”

“मला काई नाही. तुला बी काई नाही न्हवं?” त्या पदराशी चाळा करत उंबऱ्याबाहेरच उभ्या राहिल्या. “काई झालं नसताना बी कोणाच्या घरी जाऊन बसलेलं चालतंय, म्हणालास.”

म्हणजे इतकी वर्षं ही बाई कुणाच्या घरात पाऊल टाकायला कुणाच्या तरी शिंकेची वाट बघत होती! मला फार वाईट वाटलं. मी त्यांना आत बसवलं आणि आधण ठेवलं.

पहिल्या घोटाला त्यांनी तोंड वाकडं केलं. “औषधात साखर!” पण कप रिकामा केला, स्वतः विसळून ठेवला आणि दारातून वळल्या.

“उद्या बी कोणाला काई झालं नसलं,” त्यांनी हळूच विचारलं, “तर येऊ?”