अठ्ठेचाळीस हजारांची हाक

"हे गाणं ऐकून चेनाई ईस्टरला घरी आली नाही, तर हा म्बिरा चुलीत घालीन!" आमच्या रुसापे गावच्या मुफारोने हातातलं वाद्य दाखवत जाहीर केलं.

चेनाई म्हणजे त्याची बायको. इंग्लंडात म्हाताऱ्यांची सेवा करायला गेली, ती गेलीच. तिच्या उशीचा अभ्रा त्याने अजून धुतला नव्हता.

खिडक्यांना गोधड्या टांगून, म्बिऱ्याच्या लोखंडी पट्ट्या छेडत त्याने गाणं रेकॉर्ड केलं : 'ये गं घरी, किती वाट पाहू!' कॉम्प्युटरने सॅम्पल रेट, म्हणजे सेकंदाला आवाजाचे किती तुकडे घ्यायचे ते, विचारलं. चव्वेचाळीस हजार शंभर की अठ्ठेचाळीस हजार? बायकोच्या बाबतीत काटकसर कशाला? मुफारोने मोठा आकडा घेतला. मग गोंगाट पुसायला गेला, तर म्बिऱ्यावर ठोकलेल्या बाटल्यांच्या पत्री बुचांची झणझणच पुसली गेली. भरपाई म्हणून त्याने चर्चएवढा घुमारा ओतला. शेवटी फाइल दुसऱ्या प्रोग्रॅममध्ये उघडली. तो चव्वेचाळीसचाच हिशेब धरून बसलेला! गाणं रेंगाळलं, आवाज खाली उतरला. 'काय भारदस्त गातो मी!' म्हणत मुफारोने ते पाठवूनही दिलं.

लगेच चेनाईचा फोन आला.

"अहो, हे कोण?"

"कोण म्हणजे? मी!"

"तुम्ही? मला वाटलं, मामंजी थडग्यातून बोलतायत!"

मुफारोने घाबरून गाणं मोठ्याने लावलं. तशी मक्याच्या पिठाचा सद्झा घोटणारी आई दांडा टाकून धावत आली, जमिनीवर बसली आणि ओंजळीने मानाच्या हलक्या टाळ्या वाजवत स्पीकरला म्हणाली, "आलात?"

"अगं आई, तो मी आहे!"

"गप रे! तुझा कुठला एवढा घसा?" तिने डोळे पुसले. "एरवी पूर्वज झणझणीशिवाय जागचे हलत नाहीत. हे तसेच आले. किती ओढ असेल!"

'ये गं घरी,' स्पीकर म्हणाला.

बोलावलं एकीला आणि निघाली दुसरीच! मुफारो गाणं बंद करायला धावला, तर आईने हातावर चापट मारली.

"येते हो," ती स्पीकरला म्हणाली. "पण आत्ता नाही. मका निघू दे. जन्मभर बिअरहॉलच्या दारात मी तुमची वाट बघितली, आता तुम्ही बघा थोडी!"

मुफारोने गाणं दुरुस्त करून, झणझणीसकट पुन्हा पाठवलं. फोनवर चेनाई बराच वेळ नुसती रडत होती.

"येते हो," ती म्हणाली. "पण आत्ता नाही. रजा मिळू दे."

बिघडलेलं गाणं आईने पुसू दिलं नाही. रोज संध्याकाळी ती ते लावायला सांगते, आणि मुफारोही शेजारी बसून ऐकतो. म्बिरा चुलीत घालायचा विषय मात्र त्याने पुन्हा काढला नाही.