सात कागदांवरची हिरवी रेघ

दोरीवर कपडे वाळत घालतात, एवढं मला चौथी शिकलेल्यालाही ठाऊक आहे. आमच्या कापडे गावात दिलीप दोरीवर कागद टांगतो.

दिलीप माझ्या चुलतभावाचा मुलगा. वय बेचाळीस, लग्न केलं नाही. मुंबईची नोकरी आता माझ्या पडवीत बसून करतो, कारण त्याच्या घरात रेंज नाही. रेंज माझी आहे, हे मी त्याला अधूनमधून ऐकवतो.

काम काय, तर मालट्रक ठरवून देणारं सॉफ्टवेअर. त्यात सात एजंट. माणसं नव्हेत, प्रोग्राम. एक गाडी शोधतो, एक रस्ता ठरवतो, एक गिऱ्हाइकाला निरोप देतो. सातांच्या कामांचे सात कागद चिमटे लावून टांगायचे आणि समोर उघडाबंब फेऱ्या मारायच्या. मधेच ओरडतो, "हे हितलं नाय!" आणि रंगीत पेनाने रेघ ओढतो. म्हशी बिचकतात.

एकदा मी विचारलं, "हितलं नाय, मग कुठलं रे?"

"सगळीकडचं, तात्या. गाडीवाल्याचं काम गाडी शोधणं. पण तो नोंद पण करतो, परवानगी पण विचारतो. रस्तावाला तेच करतो. एकच गोष्ट सात जागी सांडलीय. ती हुडकायची नि एका जागी ठेवायची."

"मग राखण म्हण की सरळ! भात कुणाचं, नाचणी कुणाची, पण डुकरांची राखण सगळ्यांच्या शेतात. राखण कुणाचं पीक नाय."

"तात्या, हे समजवायला आमची दोन दिवस मीटिंग चालली."

"चालणारच. त्यांच्यात डुक्कर कुणी बघितलाय?"

त्याची दुसरी खोड म्हणजे, कुणी उंबरा ओलांडला की, "पोचल्यावर फोन करा." पोलादपूरच्या बाजाराला निघालेल्या शेजारच्या म्हातारीलाही हेच. मी कधी केला नाही. सत्तर वर्षं न सांगता पोचतोय.

परवा सातही कागदांवर एक हिरवी रेघ दिसली. "हे काय?"

"काम झालं की प्रत्येकाने दुसऱ्याला कळवायचं, पोचलो."

"सांगितलं कुणी?"

"कुणीच नाय. मीच घातलं. साहेब म्हणतो, नको तिथं सांडलंय, आज काढून टाक."

एवढं बोलून तो चिमटे मोजत बसला. हे एकच असं निघालं, ज्याला तो 'हितलं नाय' म्हणाला नाही.

त्याचा बाप ट्रक चालवायचा. कशेडी घाट उतरला की पायथ्याच्या टपरीवरून आमच्या वाण्याकडे फोन करायचा, "पोचलो." दिलीप तेव्हा दुसरीत. फोनची वेळ झाली की दुकानाच्या फळीवर जाऊन बसायचा. एका पावसाळ्यात फोन आला नाही, बापही आला नाही. पोरगं तीन दिवस त्या फळीवरून उठेना.

म्हणजे रेघ सात कागदांपुरती नव्हतीच. म्हातारीच्या बाजारात होती, माझ्या उंबऱ्यात होती. एवढा हुडकणारा, पण त्याला स्वतःची दिसली नव्हती.

डोळे दाखवायला महाडला जायचं होतं, एसटी पकडली. स्टँडवर उतरलो आणि नातवाने दिलेला मोबाईल काढला.

"दिलीप, पोचलो रे."

तो म्हणाला, "बरं, तात्या."

संध्याकाळी परत आलो. सातही कागद नव्याने लिहिले होते, हिरवी रेघ गेली होती. शेवटच्या चिमट्याला आठवा कागद होता. त्यावर फक्त 'काम झालं की कळवायचं, पोचलो' ही ओळ, सातांसाठी मिळून एकदाच लिहिलेली.

"साहेब काय म्हणाला?"

"एका जागी हाय म्हटल्यावर राहू दे म्हणाला."

चिमटा सैल वाटला, म्हणून मी आणखी एक लावला.