चुकलेल्या बॉलचे मामा

किशनमामा जोंधळे बॉल मारण्याआधी "टप्प्यात हाय" म्हणायचे आणि मारल्यानंतर "वारं हाय" म्हणायचे. मधल्या काळात बॉल बास्केटच्या आसपास कुठेतरी असायचा, बास्केटमध्ये मात्र क्वचित. एप्रिलमध्ये पूर्ण्यात कडुनिंबाचं पान हलत नाही, तरी मामांच्या बॉलला वारं लागायचंच.

पूर्ण्याच्या रेल्वे कॉलनीत आमची बास्केटबॉलची टीम होती. मामा लोको शेडमध्ये फिटर. उंची अशी, की इंजिनाखालून निघताना आधी डोकं यायचं आणि बऱ्याच वेळाने पाय. माणूस चाळिशीला आलेला, पण हातात बॉल आला की पोर व्हायचा. पास देणं त्यांना कमीपणाचं वाटे. अर्ध्या ग्राऊंडवरून मारायचे, पडता पडता मारायचे. एकदा समोरच्या दोघांनी घेरलेलं असताना मारला, तो शेजारच्या हौदात जाऊन पडला. "हौद टप्प्यात व्हता," असं म्हणून स्वतःच काढून आणला.

ग्राऊंडबाहेरही तेच. बढतीच्या परीक्षेला बसले तेव्हा "टप्प्यात हाय" म्हणून शेडभर पेढे आधीच वाटले. निकाल लागल्यावर "औंदा वारं लय व्हतं" म्हणाले. पेढे आम्ही खाल्ले होते, म्हणून कुणी हसलं नाही.

मामांची बायको वारली होती. एकुलती मुलगी हिंगोलीकडे दिलेली. क्वार्टरमध्ये एकटेच राहायचे. शेड सुटलं की घरी न जाता सरळ ग्राऊंडवर यायचे, झाडायचे, धूळ बसावी म्हणून पाणी मारायचे आणि आमची वाट बघत उभे राहायचे. आमचे कॅप्टन राव म्हणजे सिकंदराबादकडचे गार्ड. हरलेल्या प्रत्येक मॅचनंतर ते मामांना काढायचं ठरवायचे आणि मग मलाच विचारायचे, "निकाला तो ये आदमी शाम को जाएंगा कहां?"

शेवटी त्यांनी तोड काढली. "मामा, कल से बास्केट में मारनाच नक्को. बोर्ड के नीचे खड़े रहो. किसी का बी बॉल चूका तो पकड़ो, और इस पोट्टे को देओ."

पोट्टा म्हणजे मी. चुडाव्याहून रोज गाडीने येऊन मालधक्क्यावर कारकुनी करायचो. नेम बरा होता, पण काळीज सशाचं. एक बॉल चुकला की पुढचे चार चुकणार हे ठरलेलं.

"म्हंजे मी निस्ती हमाली करायची व्हय?" मामा म्हणाले. पहिल्या दिवशी त्यांनी बॉल धरला, माझ्याकडे बघितलं, डोक्यावरच्या रिंगकडे बघितलं आणि त्यांना राहवलं नाही. मारला. चुकला. ते "वारं" म्हणेपर्यंत रावांनी त्यांना बाहेर बसवलं होतं. दोन दिवस मामा रुसून होते. पण ग्राऊंड झाडणं सुटलं नाही.

मग हळूहळू नवल घडायला लागलं. माझ्या हातून बॉल सुटला की तो रिंगपर्यंत पोचायच्या आतच मामा चालायला लागायचे आणि संध्याकाळी जनावर आपल्या गोठ्यात यावं तसा तो बरोबर त्यांच्या हातात यायचा. "तुमाला कसं कळतंय?" मी विचारलं.

"आरं, इतकी वर्सं मीच चुकवायलोय. चुकलेला बॉल कुठं जातो ते मला न्हाई कळणार तर कुणाला?"

आणि बॉल माझ्या हातात दिला की म्हणायचे, "मार बिनघोर. मी हाय खाली."

पुढे आयुष्यात "चुकू नको" असं बजावणारे साहेब, नातेवाईक, डॉक्टर पुष्कळ भेटले. चुकलं तरी मी आहे, असं म्हणणारे मामाच. त्यांचे उपकार मी विसरलेलो नाही. तेव्हापासून एक बॉल चुकला तरी पुढचा मी बिनघोर मारू लागलो.

त्याच दिवसांत विद्यापीठाच्या नामांतरावरून गावं तापली. मामा बौद्ध, मी चुडाव्याच्या पाटलाच्या घरचा. कालपर्यंत एका तांब्याने पाणी पिणारी माणसं एकमेकांची नजर चुकवू लागली. टीममधले दोघे-तिघे यायचे बंद झाले. माझे वडीलही म्हणाले, "परभणीची मॅच झाली की बास कर आता." मी हो म्हणालो होतो. मामांना हे सांगायची हिंमत झाली नव्हती.

परभणीच्या मॅचमध्ये शेवटच्या मिनिटाला आम्ही एका गुणाने मागे होतो. मी मारला, चुकला. मामांनी धरला आणि मला दिला. पुन्हा चुकला. पुन्हा मामांनी धरला. ते रिंगच्या अगदी खाली, एकटे. लोक ओरडत होते, "ओ लंबू, तुमीच मारा की." मामांनी वर बघितलंसुद्धा नाही. बॉल मलाच दिला. तोही चुकला आणि शिट्टी झाली.

परतीच्या गाडीत पिंगळी मागे पडली. मग मीच विचारलं, "मामा, तुमी खालीच व्हता. कामून मारला न्हाई?"

"मी मारला आसता आन् गेला आसता, तर तू परत बॉलला हात लावला नसतास. वळखतो ना तुला."

पूर्ण्याला सगळे उतरले. मला पुढे चुडाव्याला जायचं होतं. बाकीचे पुलाकडे गेले, मामा मात्र माझ्या खिडकीशी आले. "उद्या येशील न्हवं?"

मी खाली वाकून बुटाची नाडी बांधत राहिलो. त्यांना काय समजायचं ते समजलं असावं.

"जे यायचे बंद झाले त्यांना मी काय म्हणत न्हाई," ते हळू म्हणाले. "ज्याचं त्याचं घर आसतंय. पर तू बी न्हाई आलास, तर संध्याकाळी मी कुणाचा बॉल धरू?"

गाडी हलली. मामा खिडकीचा गज धरून बरोबर चालू लागले. गाडीने वेग घेतला तशी त्यांची पावलं लांब पडू लागली, पण त्यांनी दुसऱ्यांदा विचारलं नाही.

"येतो मामा," मी म्हणालो.

तेव्हा कुठे त्यांनी गज सोडला.