जनगणनेच्या ड्युटीवर गेलेला पूल

वाघी नदीवरचा आमचा पूल यंदा पंचेचाळीस दिवस जनगणनेच्या ड्युटीवर होता.

चूक कुणाची म्हणावी तर कुणाचीच नाही. वरून सगळ्या खात्यांना दहा वर्षांहून जास्त सेवा झालेल्यांची यादी मागितली होती. बांधकाम विभागातल्या निंबाळकर भाऊसाहेबांनी रजिस्टरात 'सेवेत' असा शेरा असलेलं सगळं उतरवून दिलं. रोड रोलर वैद्यकीय कारणावरून सुटला. पूल धडधाकट होता, त्याच्या नावाने आदेश निघाला. आणि ही ड्युटी टळत नाही, हे काय मी सांगायला हवं? मी कृषी खात्यातला माणूस, मणक्याचा एक्स-रे घेऊन तीन हेलपाटे घातले, तरी पर्यवेक्षक झालोच. माझ्या हाताखाली सहा प्रगणक आले. चार शिक्षक, एक ग्रामसेवक आणि पूल.

सुरुवातीला मी जाम वैतागलो होतो. पण शपथेवर सांगतो, सहाजणांत कामाचा तोच. प्रशिक्षणाला हॉलमध्ये मावेना म्हणून शाळेच्या मैदानात बसला आणि एकदाही मोबाइल बघितला नाही. गळ्यात ओळखपत्र अडकवून तो गल्लीच्या तोंडाशी उभा राहायचा आणि हळूच हाक मारायचा, "घरात कोणी आहे का? जनगणनेतून आलोय." लोकही दबून असायचे. इतकी वर्षं सगळे त्याच्या अंगावरून गेलेले, त्याच्याशी खोटं कसं बोलणार?

नदीवर तेवढी पंचाईत झाली. गुडघाभर पाण्यातून ये-जा करावी लागे, उन्हाळा होता म्हणून निभावलं. सरपंचांनी पर्यायी पूल मागितला, तर तोही ड्युटीवर असल्याचं उत्तर आलं.

अकराव्या दिवशी पुलाचा निरोप आला. आंबेरे खुर्दमधल्या यसूबाई तावरे सही करेनात, साहेबांनी स्वतः यावं.

गेलो. म्हातारी उंबऱ्यावर बसलेली, पूल अंगणाबाहेर उभा.

"साहेब, घरात माणसं दोन. मी आणि माझा गोरख," ती मला म्हणाली. "हा एकच लिहितोय. लाज नाही वाटत मेल्याला!"

"गोरख कुठंय?" मी विचारलं.

"कामाला गेलाय. येईल."

पुलाने तक्ता माझ्यापुढे धरला. "साहेब, गोरख तावरे तीन वर्षांपूर्वी अलीकडून पलीकडे गेले. पलीकडून अलीकडे आलेले नाहीत. सहा महिन्यांवरची गैरहजेरी असेल तर नाव घेता येत नाही."

"अरे, पण तू इथं हुंदडतोयस अकरा दिवस!" म्हातारी उसळली. "तो आला असंल आणि काठावर थांबला असंल तर? पाण्याला भितो रे तो. लहानपणी बुडता बुडता वाचलाय."

मुद्दा बिनतोड होता. पुलाने अर्ध्या दिवसाची रजा मागितली. मी मंजूर केली.

दुपारी तो जाऊन आपल्या जागी आडवा झाला. यसूबाई मधोमध कठड्याला टेकून बसली, मी शेजारी. दोन बैलगाड्या, एक दूधवाला, लग्नाचं एक वऱ्हाड, शेळ्या गेल्या. पलीकडच्या काठावर वाट बघणारं कुणी नव्हतं. ऊन उतरलं. मला घरी जायचं होतं, पण उठा म्हणायची छाती होईना.

"आजी," पूल म्हणाला, "रजा संपली."

"तू एक लिहिलंस ना, की मी एकटी झाले रे," ती म्हणाली. इतका वेळ भांडणारी बाई, आता रडत होती. "कागदावर तरी असू दे की त्याला."

"नाही जमणार, आजी."

तिने पदराने तोंड पुसलं. मग खाली बघून विचारलं, "जाताना काही बोलला का तुला?"

"हो. इथंच थांबले होते. कठड्यावर हात ठेवून म्हणाले, आई दर मंगळवारी बाजाराला येते, तिच्या पायाखाली शेवाळ धरू देऊ नकोस."

ती हाताने पुलाचा दगड चाचपत राहिली. कोरडा ठणठणीत होता.

"आण तो कागद," ती म्हणाली. "लिही एक."

तिने अंगठा दिला आणि घराकडे चालू लागली. ती काठावर उतरेपर्यंत पूल हलला नाही. मग तो उठला, पिशवी खांद्याला लावली आणि पुढचं घर कोणतं ते मला विचारलं.