आधीच्यांचा नंबर

न्याय म्हणजे काय, हे भागोजीतात्यांना कोणी शिकवायची गरज नव्हती. बिरवाडीजवळच्या एका कारखान्यात त्यांनी अख्खी नोकरी युनियनचा प्रतिनिधी म्हणून भांडण्यात काढली होती, आणि मधल्या वेळात थोडंफार फिटरचं कामही केलं होतं. बढती आधी कोणाला, पाळी आधी कोणाची, कॅन्टीनच्या रांगेत पुढे कोण, सगळ्याला त्यांचं एकच उत्तर असायचं. जो आधी आला, तो आधी. निवृत्त होऊन ते कापडे गावाजवळच्या आपल्या वाडीत राहायला आले तरी उत्तर बदललं नव्हतं. त्यामुळे मुलाचा अडचणीचा फोन आला तेव्हा तात्यांना काळजीपेक्षा आनंदच जास्त झाला. पुन्हा एकदा भांडायला मिळणार होतं.

मुलगा प्रवीण विमान चालवतो. म्हणजे उजव्या खुर्चीत बसून चालवतो. डावी खुर्ची कॅप्टनची. त्याची कंपनी जुनी पण छोटी होती, तिथे डावी खुर्ची रिकामी व्हायची वाट बघता बघता माणसांचे केस पिकायचे. यंदा एका मोठ्या, नव्या कंपनीने ती गिळली. आता दोन्हीकडचे वैमानिक एकाच यादीत बसवायचे होते, आणि यादीत जो वर तो आधी कॅप्टन होणार होता. प्रवीणच्या बाजूचे म्हणत, नोकरीला लागल्याची तारीख बघा. समोरचे म्हणत, तारखेचं काय घेऊन बसलात, विमानं आमची, धंदा आमचा. आमच्या रांगेत आमचा नंबर आलाच होता, आता तुम्ही येऊन पुढे उभे राहणार? दोघांचंही खरं होतं, म्हणून एका निवृत्त न्यायाधीशांना पंच नेमलं होतं. पंचांनी तारीख धरली तर प्रवीण वर्षभरात कॅप्टन. नाही धरली तर डावी खुर्ची कुठच्या कुठे जाणार होती.

"यात पंच कशाला पायजे?" तात्या फोनवर म्हणाले. "मी बघतो."

मी बघतो म्हणजे काय बघणार, हे प्रवीणने विचारलं नाही. विचारायला हवं होतं.

तात्यांच्या भाताच्या खाचरांच्या टोकाला ऐनाच्या झाडाखाली एक दगड आहे. तात्यांचे आजोबा उमरठच्या बाजूने डोंगर उतरून या जागेत आले, त्याआधी इथे दुसरीच माणसं राहत होती. कोण, कुठली, कशाने संपली, काही ठाऊक नाही. तात्यांचं घर त्यांच्याच जोत्यावर उभं आहे. वाडीत त्यांना नुसतं 'आधीचे' म्हणतात, आणि तेही हळू आवाजात. दर वर्षी भाताची झोडणी झाली की दगडापुढे नारळ फोडायचा, पान वाढायचं, गाऱ्हाणं घालायचं आणि मागे न बघता घरी यायचं. गाऱ्हाणं घालायचा मान शेजारच्या हैबतीबुवांचा. ते पुटपुटत बोलतात, आणि वडिलांनी शिकवलेल्यातला एक शब्द इकडचा तिकडे करत नाहीत.

यंदा तात्या म्हणाले, गाऱ्हाणं मी घालणार. बुवांनी समजावून पाहिलं. ही माणसं ऐकतात कमी, पण ऐकलेलं विसरत नाहीत, तेव्हा जपून बोल, असं ते म्हणाले. पण तात्यांनी उभ्या आयुष्यात कारखान्याच्या गेटवर भाषणं ठोकली होती आणि जपून बोलल्याचं एकही उदाहरण नव्हतं. त्यांनी टोपी सारखी केली. मुलाची हकीकत सांगितली, पंचांना सुबुद्धी मागितली. इथवर सगळं ठीक होतं. पण समोर माणसं बसली आहेत असं वाटलं की तात्यांना आवरत नसे, आणि त्या दिवशी, का कोण जाणे, समोर माणसं बसली आहेत असं त्यांना फारच वाटलं.

"जो आधी आला, त्याचा हक्क आधी!" तात्यांनी मूठ वर केली. "मागून आला त्यानं मागं ऱ्हायाचं! आभाळात हाच न्याय, आनि जमिनीवर पन हाच न्याय!"

वारा पडलेला होता. तरी ऐनाची पानं वाजली, आणि बराच वेळ वाजत राहिली. हैबतीबुवांचा चेहरा उतरला.

"आभाळाचं मागितलंस ते ठीक," ते म्हणाले. "जमिनीचं कशाला काढलंस रे?"

बुवांना आपला मान गेल्याचं दुःख झालं असणार, अशी तात्यांनी स्वतःची समजूत घातली.

दुसऱ्या दिवशी सकाळी आवडीबाईंनी, म्हणजे तात्यांच्या बायकोने, ओट्यावर चहाचा कप आणून ठेवला. तात्या चूळ भरायला वळले आणि परत बघतात तो कप अर्धा. त्यांनी मांजराला शिव्या घातल्या आणि उरलेल्या चहावर डोळे लावून बसले. चहा त्यांच्यादेखत कमी होत गेला. हळूहळू, मधेच थांबत, कोणीतरी गप्पा मारत पीत असावं तसा. तळाला घोटभर उरला तेव्हा थांबला. तात्यांनी तो पिऊन टाकला. तो बर्फासारखा गार होता.

मग आंघोळ. न्हाणीत कढत पाणी काढून ठेवलेलं, तात्या पंचा गुंडाळून आत गेले तर आंघोळीचा दगड ओला आणि बादली रिकामी. ओल्या पावलांची रांग न्हाणीतून निघून माजघरात गेली होती. काही पावलं मोठी, काही बारकी, एक जण लंगडत चाललेला. माजघरातून बाहेर येणारी पावलं मात्र नव्हती. तात्यांनी माजघराचं दार हळूच लोटून घेतलं आणि त्या दिवशी आंघोळ टाळली.

पडवीत त्यांची हक्काची आरामखुर्ची होती. तिच्यात टेकले तर ती गरम लागली, आणि नेहमीपेक्षा वीतभर उंच. आपण कोणाच्या तरी मांडीवर बसलो आहोत, हे ध्यानात यायला जरा वेळ गेला. तात्या उठले, "माफ करा" म्हणाले, आणि मग आपण हे कोणाला म्हणालो याचा विचार करत भर उन्हात अंगणात उभे राहिले.

दुपारी ताटातला भात वरून खचू लागला तेव्हा त्यांना सगळा उलगडा झाला. न्याय लागू झाला होता. या जमिनीवर जे आधी आले ते आधी जेवत होते, आधी नहात होते, आधी बसत होते. त्यांची रांग कुठवर गेली होती कोणाला ठाऊक, आणि खुद्द घरमालक रांगेच्या शेपटाला होता.

पोलादपूरला जाऊन हॉटेलात जेवावं, असं ठरवून तात्या फाट्यावर आले. सीट भरल्या की सुटणारी चांगूची वडाप जीप उभी होती, आत चिटपाखरू नव्हतं. तात्या चढायला गेले तर चांगू म्हणाला की जागा नाही, मागे लटकायचं असेल तर लटका.

"अरे, जागा नाय कशी? एक मानूस नाय आत."

चांगूने आरशात बघितलं, मग तात्यांकडे बघितलं. "तुमच्याच वाडीतली हायती की सगळी," तो म्हणाला. "तुमच्या आधी येऊन बसलीत."

जीप स्प्रिंगच्या पाट्यांवर पार दबलेली होती. तात्या मागे लटकून गेले. सीटवरचं रेक्झिन जागोजाग खोल गेलेलं होतं, ते दिसू नये म्हणून त्यांनी वाटभर डोळे मिटून घेतले. हॉटेलात मिसळ मागवली. पुढे काय झालं ते सांगायला नको.

एखादा दुसरा असता तर दगडापुढे जाऊन लोटांगण घातलं असतं. तात्यांनी वेगळाच हिशेब मांडला. जमिनीवर न्याय इतका चोख चाललाय, म्हणजे आभाळातही चालणारच. म्हणजे प्रवीण कॅप्टन झाल्यातच जमा. पोराच्या डाव्या खुर्चीसाठी बापाने चार दिवस उपास काढले तर बिघडलं कुठे? आवडीबाईंना त्यांनी भूक नाही एवढंच सांगितलं. गालफडं बसली, लेंगा कमरेवर राहीना, पण भुकेल्या पोटी तात्या खूश होते.

अशात सून तेजश्री मुंबईहून चार दिवसांसाठी आली. तिच्याबरोबर दीड वर्षांची लेक सेजल. तेजश्रीने आल्या आल्या वाटीत दूधभात कालवला आणि चमचा पोरीच्या तोंडाशी नेला. तोंडात जाईपर्यंत चमचा रिकामा. सांडला असेल म्हणून तिने दुसरा भरला. तोही रिकामा. सेजलला आधी मजा वाटली. ती दाराकडे बघून हसायची, मग तिची नजर कोणाबरोबर तरी चालत यावी तशी दारापासून वाटीपर्यंत यायची, आणि पुन्हा दाराकडे जायची. प्रत्येकाकडे बघून ती हसत होती. येणारे संपत नव्हते. शेवटी तिला भूक सोसेना आणि तिने टाहो फोडला. या जमिनीवर सगळ्यांच्या शेवटी आलेली तीच होती. तिचा नंबर लागणार कधी?

तात्यांना भीती वाटली, आणि भीतीपेक्षा जास्त लाज वाटली. ते परसात गेले आणि प्रवीणला फोन लावला.

प्रवीणने सांगितलं, पंचांपुढे आता तिसराच तोडगा आला आहे. एक त्यांचा, एक आमचा, असं ओवत जायचं. कोणाचीही आपापसातली रांग मोडायची नाही आणि कोणालाही अख्ख्या रांगेमागे ढकलायचं नाही. तात्यांनी विचारलं, मग तुझं काय? तो म्हणाला, मी खाली जाईन, कॅप्टन व्हायला बरीच वर्षं लागतील. पण समोरच्यांची पोरं आमच्या सगळ्यांच्या मागे फेकली गेली असती, ते वाचेल. त्यांचीही घरं आहेत.

"तुला चालंल?" तात्यांनी विचारलं.

"आवडणार नाही, बाबा," तो म्हणाला. "पण चालेल."

उन्हं उतरली तशी तात्या हैबतीबुवांना घेऊन ऐनाखाली गेले. नदीकडून धुकं वर यायला लागलं होतं. खाचरातले कापलेल्या भाताचे खुंट ओळीने चेपलेले होते, पंगतीला माणसं मांडी घालून बसावीत तसे, पार बांधापर्यंत. कोणी दिसत नव्हतं.

या वेळी शब्द बुवांचे होते. तात्यांनी फक्त मजकूर सांगितला, आणि सांगताना प्रतिनिधीची जुनी सवय गेली नाही. जमिनीवर एक तुमचा, एक आमचा, हे कबूल. आभाळातलं मात्र आधी ठरलंय तसंच राहू द्यावं, अशी बारीक पाचर त्यांनी मारून ठेवली. बुवांनी निमूटपणे तसं म्हटलं आणि नारळ दगडावर आपटला. नारळ चेंडूसारखा उडाला. पुन्हा आपटला, पुन्हा उडाला आणि घरंगळत तात्यांच्या पायाशी येऊन थांबला.

"त्यांना दोन न्याय कळत नाय," बुवा म्हणाले. "एकच काय तो सांग."

तात्यांना प्रवीण लहानपणी खाचरातून हात पसरून धावायचा ते आठवलं. मग सेजलचं रडणं आठवलं. त्यांनी नारळ उचलून बुवांच्या हातात दिला. "आभाळात पन तेच," ते म्हणाले. "एक त्यांचा, एक आमचा."

नारळ एका फटक्यात फुटला. धुक्यात पंगत उठल्यासारखी सळसळ झाली. दोघे मागे न बघता घरी आले, आणि हैबतीबुवांच्या गुडघ्यांचा विचार करता फारच लवकर आले.

सकाळी तात्यांनी दोन कप मागितले. एक बघता बघता रिकामा झाला, दुसरा वाफाळता तसाच राहिला. तात्यांनी तो पिताना डोळे मिटले. सेजलने एक घास हवेला, एक स्वतःला, असा वाटीभर दूधभात संपवला आणि तिला तो खेळच वाटला. दुपारी प्रवीणचा फोन आला. पंचांनी ओवलेली यादी मंजूर केली होती, आणि त्याचा नंबर त्याला वाटलं होतं त्याहूनही खाली गेला होता. "बरोबर हाय," तात्या म्हणाले. "न्याय हाय." मग ते गोठ्यामागे जाऊन डोळे पुसून आले.

जेवायला पानं मांडली. तात्या पाटावर बसले. इतक्या दिवसांनी पोटभर जेवायला मिळणार होतं, शिवाय एक न्याय्य तोडगा त्यांच्या हातून झाला होता, आणि तो समजावून सांगितल्याशिवाय घास उतरणार नव्हता. समोरच्या रिकाम्या पाटांकडे बोट करत ते तेजश्रीला सांगू लागले. त्यांच्यातला थोरला आधी. मग मी. मग त्यांचा दुसरा, मग प्रवीण. मग त्यांचा तिसरा, मग तू. मग त्यांचा एक, मग आपली सेजल. झाली की नाय यादी?

आवडीबाई भात वाढत होत्या. हातातलं भांडं त्यांनी खाली ठेवलं.

"आनि मी?"

तात्यांनी मनातल्या मनात यादी वरून खाली वाचली. "तू तर काय, घरचीच गो," ते म्हणाले.

"घरच्यांचाच नंबर लावताय ना?" आवडीबाईंचा आवाज चढला नव्हता. "एवढे दिवस तुमी उपाशी, काल पोरगी उपाशी. मला तर कायच कळलं नाय काय झालंय. सगळ्यांचं झाल्यावर टोपात जे उरंल ते मी खाते, लगीन होऊन आले तवापासून. मला काय फरकच पडला नाय."

आवडीबाईंनी एक पान घेतलं, त्यावर भात वाढला, आमटी वाढली, आणि त्या पाट ओढून सगळ्यांच्या आधी जेवायला बसल्या. त्यांच्या पानातला भात एका शितानेही खचला नाही. तात्यांनी समोर बघितलं. रिकाम्या पाटांपुढची पानं जशीच्या तशी होती, थोरल्याचंसुद्धा. आधीचे थांबले होते.

तात्यांनी तोंडाशी नेलेला घास खाली ठेवला. आवडीबाई सावकाश जेवल्या. भात मागून घेतला, म्हणजे स्वतःच उठून घेतला, कारण त्यांना वाढायचं कोणाला सुचलं नाही. हात धुऊन त्या ओट्यावर जाऊन बसल्या, तेव्हा कुठे समोरच्या थोरल्याच्या पानातला भात हलायला लागला. त्याचं होईपर्यंत तात्या मुकाट बसून राहिले. त्यांचा नंबर आला तेव्हा आमटीवर साय धरली होती.