पुढचे चाक जुईचे

खंडेनवमीच्या सकाळी दहा वाजता चिंतामणी सामंत यांनी आपल्या माउंटन बाइकचे पुढचे चाक मांडीवर घेतले, तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर शस्त्रक्रियेपूर्वीची गंभीर शांतता होती. शिवाजी पार्कच्या त्या दुसऱ्या मजल्यावरच्या गॅलरीत ऊन तिरपे उतरले होते, आणि समोरच्या भिंतीवर त्यांच्या लेकीची, जुईची, रोड बाइक खुंटीला टांगलेली होती. जुई नोकरीसाठी बंगळुरूला गेल्यापासून ती सायकल नुसतीच झुरत होती. तिचे टायर करंगळीएवढे बारीक आणि गुळगुळीत, सामंतांचे मनगटाएवढे जाड आणि खडबडीत.

पार्कावरच्या साठीपुढच्या सायकलस्वारांचे एक मंडळ होते. दरवर्षी दसऱ्याच्या पहाटे, रस्ते मोकळे असताना, हे मंडळ सीमोल्लंघनाला दादरहून गिरगाव चौपाटीपर्यंत जाई. ही शर्यत नाही, असे सगळे आवर्जून म्हणत. त्यावरूनच ती शर्यत आहे हे कळे. सलग सहा वर्षे राजेश पाठारे पहिले पोहोचत, आपल्या सडपातळ सायकलला टेकून उभे राहत आणि धापा टाकत येणाऱ्या सामंतांना म्हणत, "या सामंत, या. सावकाश. समुद्र कुठे जात नाही."

हे "सावकाश" सामंतांच्या काळजात सहा वर्षे रुतून बसले होते. एकदा, फक्त एकदा, पाठारेंच्या आधी पोहोचायचे, एवढेच आता आयुष्याकडे मागणे होते.

त्यासाठी तिचे गुळगुळीत टायर आपल्या चाकांवर बसतील का, हे विचारायला त्यांनी जुईला फोन केला होता.

"बाबा, तुझं एकोणतीस इंची चाक आणि माझं सातशेचं, दोन्हींचं रिम एकाच मापाचं असतं. नावं वेगळी, वर्तुळ तेच. टायर बसेल. पण तू हात लावू नकोस हं, मी दिवाळीत आले की करू."

सामंतांनी यातला "बसेल"पर्यंतचा भाग ऐकला.

आणि खरोखरच बसला! प्लास्टिकच्या पट्ट्यांनी त्यांनी जुईच्या पुढच्या चाकाचा टायर ट्यूबसकट सोलून काढला, आपल्या रिमवर चढवला, तिच्याच बारीक तोंडाच्या पंपाने हवा भरली. पुढचे चाक एखाद्या नर्तिकेसारखे फिरू लागले. आता मागचे. ते उत्साहाने चहा प्यायला आत गेले, चहाबरोबर दोन बिस्किटे खाल्ली, आणि परत येऊन बघतात तो गॅलरीत एकही हत्यार नाही.

"अगं, पंप कुठेय?"

"पूजेत," सुचित्राबाई आतून म्हणाल्या.

देवघरापुढच्या पाटावर विळी, कात्री, स्क्रू-ड्रायव्हर, सायकलचा पाना, त्या प्लास्टिकच्या पट्ट्या आणि पंप हळदकुंकू लावून ओळीने बसले होते. पंपाच्या गळ्यात झेंडूची माळ होती.

"अगं, अर्धंच काम झालंय! दहा मिनिटं दे मला."

"पूजेला मांडलेलं हत्यार उचलतात का कुणी? आता उद्या सीमोल्लंघन झाल्यावर."

"पण पंपाशिवाय सायकल नाही, आणि सायकलशिवाय सीमोल्लंघन नाही!"

"मग चालत जा," सुचित्राबाई म्हणाल्या आणि निरांजनात तूप घातले.

खालचा सायकलवालाही दुकानाला तोरण बांधून गावी गेला होता. तेव्हा दसऱ्याच्या पहाटे सामंत निघाले ते पुढे मुक्तछंद आणि मागे पोवाडा अशा वाहनावर. सायकल नाकावर झुकल्यासारखी दिसत होती. पुढून बारीक शीळ येई, मागून घरघर.

पार्काच्या कट्ट्यापाशी पाठारे चष्मा कपाळावर चढवून त्या चाकांकडे बराच वेळ बघत राहिले.

"सामंत, हे काय?"

"मिश्र पद्धत," सामंत कोरडेपणाने म्हणाले. "पुढे वेग, मागे पकड."

"परदेशी दिसतेय."

"अभ्यास करावा लागतो, पाठारे."

मंडळात साठीच्या आतली एकटी आकांक्षा, सगळ्यांच्या गुडघ्यांची फिजिओथेरपिस्ट. ती नेहमीप्रमाणे शेवटी राहिली आणि शिट्टी वाजली. परळपर्यंत पाठारे पुढे होते. लालबागच्या पुलाखाली मात्र सामंतांनी जीव खाऊन पायडल मारले आणि पाठारेंना मागे टाकले! मागून "सामंत! ओ सामंत!" असा एकच गजर उठला. त्यांचे डोळे पाणावले. इतके प्रेम आहे या लोकांचे आपल्यावर, हे त्यांना ठाऊकच नव्हते. ते वळले नाहीत. विजेत्याने वळू नये. चिंचपोकळी, भायखळा, ग्रँट रोड मागे गेले आणि अखेर समोर निळसर, संथ, कुठेही न गेलेला समुद्र आला.

चौपाटीवर कोणीही नव्हते.

सामंत सायकलला टेकून उभे राहिले. "या पाठारे, सावकाश," हे त्यांनी तीन वेगवेगळ्या स्वरांत म्हणून पाहिले. वीस मिनिटे गेली. मग फोन वाजला.

"काका, कुठे आहात तुम्ही?" आकांक्षा विचारत होती.

"चौपाटीवर. तुम्ही?"

"लालबागलाच! पाठारेकाकांचा टायर पंक्चर झाला ना. किती हाका मारल्या तुम्हाला! आणि सतरा जणांत कुणाकडे एक पंप नाही, पाना नाही. सगळ्यांचं सामान घरी पूजेत! शेवटी मी म्हटलं, दादर सोडलं ना, मग झालं सीमोल्लंघन. सोनंबिनं वाटून झालं. आता मिसळ सांगितलीय. या ना परत."

सामंतांनी फोन खिशात ठेवला. ज्या शर्यतीत ते पहिले आले होते, तिची शेवटची रेषा पाच किलोमीटर मागेच आखली गेली होती. म्हणजे हिशेबाने ते पहिले नव्हते, शेवटचे तर नव्हतेच. ते मुळी कुठेच नव्हते.

आणखी दहा मिनिटे ते तिथेच घुटमळले आणि निघणार तोच एक टॅक्सी येऊन थांबली. टपावर सायकल बांधलेली, तिचे एक चाक मलूल. आतून पाठारे उतरले, आपट्याचे पान सामंतांच्या हातात दिले आणि घाम पुसला.

"घ्या सोनं. मिसळ टाकून आलो हं मी."

"कशाला आलात? पंक्चर झालेल्या माणसाला हरवण्यात काय अर्थ? ही शर्यत मी धरत नाही."

"तुम्ही धरा नाहीतर सोडा," पाठारे चिडून म्हणाले. "सहा वर्षं मी इथे पहिला येतो, पण मला बघायला मागून येणारे तुम्ही असता. आज तुम्ही आलात आणि बघायला कुत्रं नाही. हे बरं दिसतं का? म्हणून आलो."

वारा सुटला. सामंतांनी पान खिशात ठेवले, सायकल वळवली, पन्नास पावले मागे नेली, तिच्यावर बसले आणि पाठारे टाळ्या वाजवीत असताना पुन्हा एकदा पहिले आले.