अठरा हजारांश इंच

होस्टेटरांच्या बैठकीच्या खोलीत, टीव्हीशेजारी, पेंढा भरलेला स्कंक, म्हणजे शेपूट उचलून घाण वास सोडणारा प्राणी, उभा होता. त्याला इथे आता तिसरे वर्ष लागले होते. ठासणीच्या बंदुकांच्या क्लबचा नियमच तसा होता: सप्टेंबरच्या सामन्यात जो शेवटचा येईल, त्याने तो घरी न्यायचा आणि वर्षभर येणाऱ्याजाणाऱ्याला दिसेल असा ठेवायचा. त्याचा एक डोळा गळाला होता, शेपटीला कसर लागली होती आणि हवा दमट झाली की आपण हयातीत कोण होतो याची तो घरभर आठवण करून देई.

"यंदा हा परत घरी आला," अंडी परतता परतता व्हर्ना म्हणाली, "तर तुझी बंदूक बाहेर जाईल. दोघांना जागा नाही माझ्या घरात."

तिच्या नवऱ्याने, एल्डनने, मान डोलावली आणि वही उघडली. तो पाणी तपासणाऱ्या प्रयोगशाळेत कामाला होता आणि कॉफीत साखरसुद्धा चमचा सपाट करूनच घाली. हरण्याचे कारण त्याला सापडले होते. क्लबातले सगळे अंदाजाने बंदूक ठासत आणि त्यांच्या नादाने तोही. चकमकीची ही जुन्या धर्तीची बंदूक आतून गुळगुळीत असते. नळीला पीळ नाही, त्यामुळे बाहेर पडलेली गोल गोळी आपल्या मनाची राणी. तिला वळण लावायचे, तर दारू किती, गोळी केवढी, तिच्याभोवतीची कापडी चकती किती जाड आणि त्या चकतीला चरबी कुठली, हे सगळे जुळले पाहिजे. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, पाच बार काढायचे, भोकांमधले अंतर मोजायचे.

मे महिन्यात त्याच्या गोळ्या कपडे धुण्याच्या टबाएवढ्या जागेत पडत होत्या. जुलैत जेवणाच्या ताटलीएवढ्या. ऑगस्टमध्ये शिवणाच्या कपाटात त्याला निळ्या पट्ट्यांचे गादीचे कापड दिसले. कॅलिपर लावले, तर जाडी बरोबर अठरा हजारांश इंच. कडेच्या दोन चकत्या कापल्याने कुणाचे काय बिघडणार होते? त्या दिवशी सत्ताविसाव्या प्रयोगातल्या पाचही गोळ्या बशीएवढ्या जागेत पडल्या. निकाल एकदा येऊन भागत नाही, तो पुन्हा यावा लागतो. म्हणून एल्डन पुन्हा पुन्हा कापत राहिला आणि कड हळूहळू मध्यापर्यंत पोचली.

पुढच्या आठवड्यात व्हर्नाने चर्चच्या बाजारासाठी एप्रन बेतायला घेतले. आठांचे कापड होते, पाचच झाले. तिने दुकानात फोन लावून, माप कसे मारता म्हणून, बाईंना चांगले सुनावले. बाईंनी माफी मागितली आणि ते ठाण तर तिच्याबरोबरच संपले, असेही सांगितले. खरे सांगायला हीच वेळ होती. पण ठाण संपले हे ऐकताच एल्डन चकत्या मोजायला धावला. त्याच्या डबीत दोन चकत्या उरल्या होत्या. सामन्यात बार पाच.

म्हणून बाजाराच्या दिवशी, व्हर्ना आत केक कापायला गेल्याची संधी साधून, त्याने बायकोने शिवलेले चार एप्रन रोख पैसे मोजून विकत घेतले. पाचवा त्याच्या आधीच मर्विन शूपने उचलला होता. मर्विन म्हणजे क्लबातलाच एक नेमबाज. एकटा जीव, डबा फोडण्यापलीकडे त्याचा स्वयंपाक गेलेला कुणी पाहिला नव्हता.

"तुला कशाला रे एप्रन?" एल्डनने विचारले.

"म्हटलं शिकावं काहीतरी." मर्विनने एप्रन बगलेत दाबला. "आणि तू चार घेतलेस लेका. एकावर एक घालणार?"

संध्याकाळी व्हर्ना हवेत होती. पाव तासात पाचही एप्रन खपले. समितीने पुढच्या वर्षीसाठी तिच्याकडे चाळीस मागितले होते.

सामन्याच्या सकाळी एल्डनने दारू तोलली, गोळ्या तोलल्या, चरबीसुद्धा तोलली. पाचही चकत्या एकसारख्या हव्यात म्हणून त्या त्याने एप्रनमधूनच कापल्या होत्या; कापड तेवढे मोजले नाही, कारण ते मोजलेलेच होते. पण बाजारात मांडायची वस्तू म्हणून व्हर्नाने ते धुतले होते, खळ घातली होती आणि पुठ्ठ्यासारखी कडक इस्त्री केली होती. धुण्याने कापड आटून जाड झाले आणि खळीमुळे चरबी आत मुरेना. पहिलीच गोळी अर्ध्या नळीत जाऊन बसली. गजावर जोर दिला तेव्हा गज वाकला, गोळी हलली नाही.

अर्ध्यात अडकलेली गोळी झाडता येत नाही, नळी फुटते. ती स्क्रू घालून उलटी ओढावी लागते. अर्ध्या तासाच्या सामन्यातली वीस मिनिटे एल्डन तेच करत होता. कपाळाचा घाम पुसताना त्याला दिसले, की तीन टेबले सोडून मर्विनही तेच करतो आहे आणि त्याच्या टेबलावर निळ्या पट्ट्या आहेत.

"तुझ्या जळक्या चकत्या ऑगस्टपासून वेचतोय मी," मर्विन त्याच्याकडे न बघता म्हणाला. "बशीएवढ्या जागेत पाच मारतोस, म्हटलं बघावं. तू खळ घालतोस हे कुठं बोलला नाहीस."

क्लबच्या स्वयंपाकात मदतीला आलेली व्हर्ना तेवढ्यात झाडू घेऊन बाहेर आली. छपराच्या वळचणीतले गांधीलमाश्यांचे रिकामे पोळे तिने पाडले होते. एल्डनच्या टेबलावर तिला स्वतःच्या हातचा एप्रनचा खिसा दिसला, त्याला गोल भोके पाडलेली. मग तिने मर्विनच्या टेबलाकडे पाहिले.

"किती मिनिटं उरलीत?" तिने नवऱ्याला विचारले.

"नऊ."

तिने पोळ्याचा कागदासारखा चुरा मूठभर घेऊन त्याच्यापुढे केला. "आमचे बाबा कापडाऐवजी हेच घालायचे. दारूवर थोडं, गोळीवर थोडं. कॅलिपर खिशात ठेव."

एल्डनने सकाळी तोललेली दारू घेतली, चुरा मात्र, मे महिन्यानंतर पहिल्यांदाच, न मोजता घालून पाच बार भरले. पाचही गोळ्या कपाएवढ्या जागेत पडल्या. मर्विनचे तीनच बार निघाले आणि त्यातला एक शेजाऱ्याच्या कागदावर गेला. स्कंक त्याच्या गाडीत पुढच्या सीटवर पट्टा लावून बसला.

घरी परतेपर्यंत व्हर्ना खिडकीबाहेर बघत होती. "पाच एप्रन," शेवटी ती म्हणाली, "आणि एकही स्वयंपाकघरात पोचला नाही."

घरात शिरताच एल्डनने वही काढली. टीव्हीशेजारच्या रिकाम्या जागेकडे बघत त्याने वहीत अठ्ठाविसावा प्रयोग लिहिला: दारू सत्तर ग्रेन, कापड नाही, पोळ्याचा चुरा, व्हर्नाची एक मूठ. तिथे पेन थांबले. एक मूठ म्हणजे किती?

"व्हर्ना," तो तराजू पुढे सरकवत हळूच म्हणाला, "तेवढीच मूठ पुन्हा एकदा भरून दाखवतेस?"

व्हर्नाने नव्या कापडाचा गठ्ठा आणि कात्री त्याच्यापुढे ठेवली.

"आधी चाळीस खिसे काप," ती म्हणाली. "मग बघू."